मितींची कहाणी : यज्ञवेदीपासून शिखरापर्यंत

मंदिराचा जीर्णोद्धार निघाला की गावकऱ्यांच्या कानांवर तीन मापे सारखी पडू लागतात. कठडा आणि जोत्याची पट्टी रनिंग फुटात, फरशी आणि गिलावा चौरस फुटात, आणि दगड, खडी, वाळू ब्रासमध्ये. शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास, हे हिशेब ठेवणाऱ्या कोणाही पंचास ठाऊक असते. परंतु ही तीन मापे म्हणजेच गणितातील तीन मिती होत, हे सहसा कोणी सांगत नाही. रेघेला एक मिती, लांबी. फरशीला दोन, लांबी आणि रुंदी. चबुतऱ्याला तीन, लांबी, रुंदी आणि उंची. सभामंडपाची लांबी-रुंदी दुप्पट केली तर फरशी दुप्पट नव्हे, चौपट लागते. चबुतऱ्याच्या तिन्ही बाजू दुप्पट केल्या तर दगड आठपट लागतो. अंदाजपत्रके फसतात ती पुष्कळदा याच ठिकाणी.

हा धडा मनुष्याने देवाच्या दारीच गिरविला, असे म्हणावयास आधार आहे. ग्रीस देशातील डेलॉस बेटाची आख्यायिका अशी, की साथीच्या रोगाने लोक हैराण झाले तेव्हा त्यांनी अपोलो देवाचा कौल घेतला. वेदी आहे त्याच घाटाची, पण दुप्पट मोठी करा, असा कौल मिळाला. कारागिरांनी प्रत्येक बाजू दुप्पट केली आणि वेदी झाली आठपट! घन दुप्पट करण्याचा हा प्रश्न पुढे ग्रीक गणितज्ञांना शतकानुशतके पुरला. आपल्याकडे शुल्बसूत्रांत हाच विचार अधिक काटेकोरपणे आलेला आहे. श्येनचिती, म्हणजे पंख पसरलेल्या ससाण्याच्या आकाराची अग्निवेदी, पहिल्या वेळी साडेसात चौरस पुरुष क्षेत्रफळाची रचावयाची. पुढील प्रत्येक वेळी एकेक चौरस पुरुष वाढवीत साडेएकशेएकपर्यंत न्यावयाची. पुरुष म्हणजे हात वर करून उभ्या राहिलेल्या यजमानाची उंची. आकार तोच राहिला पाहिजे आणि क्षेत्रफळ मात्र नेमके तेवढेच वाढले पाहिजे, ही अट. चौरसाच्या कर्णावर उभारलेला चौरस मूळ चौरसाच्या दुप्पट क्षेत्राचा होतो, हे बौधायनाने सांगितले ते अशाच कामासाठी. बाजू आणि क्षेत्र एका प्रमाणात वाढत नाहीत, ही गोष्ट त्या दोरी ताणणाऱ्या आचार्यांना हाताच्या मळाइतकी परिचित होती.

इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास युक्लिडने या समजुतीला व्याख्येचे रूप दिले. रेषेला लांबी असते पण रुंदी नसते. पृष्ठाला लांबी व रुंदी तेवढीच असते. त्यानंतर दोन हजारांहून अधिक वर्षे मिती म्हणजे एक, दोन किंवा तीन, याविषयी कोणास शंका आली नाही. दीड मितीची वस्तू ही कल्पनाच हास्यास्पद वाटली असती.

पहिला धक्का १८७७ साली बसला. जर्मनीतील गेओर्ग कँटर यांनी दाखवून दिले, की एका रेघेवरील बिंदू आणि अख्ख्या चौरसातील बिंदू यांची एकास एक जोडी लावता येते. रेघेत बिंदू कमी आणि चौरसात जास्त, असे म्हणताच येत नाही. हा निष्कर्ष इतका विलक्षण होता, की सिद्धता डोळ्यांसमोर असूनही आपलाच विश्वास बसत नाही, असे कँटरांनी आपले स्नेही डेडेकिंड यांना पत्राने कळविले. १८९० मध्ये इटलीच्या ज्युसेप्पे पेआनो यांनी आणखी कडी केली. चौरसातील प्रत्येक बिंदूतून जाणारी एक अखंड रेषा त्यांनी रचली. शेतकऱ्याला हे समजावयास अवघड नाही. नांगराचे तास ही एकच लांबलचक रेघ. पण ती वळवून वळवून घातली की सारे शेत नांगरून निघते. तासांमधील अंतर कमी कमी करीत अगदी शून्यावर आणले, तर रेघ कोठे संपली आणि शेत कोठे सुरू झाले?

अशा आकृत्यांचे त्या काळी स्वागत झाले नाही. प्रत्येक ठिकाणी कोपराच असलेला, कोठेही गुळगुळीत नसलेला एक वक्र कार्ल वायरश्ट्रास यांनी १८७२ मध्येच मांडला होता. फ्रान्सचे वयोवृद्ध गणिती शार्ल एर्मीत यांनी १८९३ साली एका पत्रात अशा प्रकारांविषयी भीती व तिटकारा व्यक्त केला. गणिताच्या शिस्तीत वाढलेल्या माणसाला ते राक्षस वाटले. निसर्गात असले काही नसतेच, ही तर डोक्याची नसती उठाठेव, असे पुष्कळांचे मत होते. ते मत किती चुकीचे होते हे कळावयास साठ-सत्तर वर्षे जावी लागली.

या राक्षसांपैकी सर्वांत देखणा राक्षस स्वीडनचे हेल्गे फॉन कोख यांनी १९०४ मध्ये काढला. तो कोणाही शाळकरी मुलाला पाटीवर काढता येईल. एक फूट लांबीची रेघ घ्यावी. तिचे चार-चार इंचांचे तीन समान भाग करावेत. मधला भाग पुसून त्या जागी चार-चार इंचांच्याच दोन रेघांचा, छपरासारखा, टोकदार कोन उभा करावा. आता चार इंचांचे चार तुकडे झाले; एकूण लांबी सोळा इंच. यातील प्रत्येक तुकड्यावर हीच क्रिया करावी, मग त्यातून निघालेल्या प्रत्येक लहान तुकड्यावर पुन्हा तीच. प्रत्येक पायरीला लांबी मागच्या लांबीच्या चार-तृतीयांश होते. दहाव्या पायरीला ती पावणेअठरा फुटांच्या घरात जाते. विसाव्या पायरीला तीनशे पंधरा फूट. आणि तिसाव्या पायरीला त्या एका फुटाच्या रेघेची लांबी एका मैलाहून अधिक भरते! एवढे होऊनही रेघ पाटीबाहेर गेलेली नसते. समभुज त्रिकोणाच्या तिन्ही बाजूंवर हीच क्रिया केली तर हिमकणासारखी आकृती तयार होते. तिची कड वाढत अमर्याद होते, पण तिने वेढलेले क्षेत्र मूळ त्रिकोणाच्या आठ-पंचमांशापलीकडे कधीच जात नाही. गुंठाभर जागेला अंत नसलेले कुंपण!

आता या रेघेची मिती किती म्हणावी? तिची लांबी सांगता येत नाही, कारण ती अमर्याद. क्षेत्रफळ सांगावे तर ते शून्य. म्हणजे रनिंग फूट अपुरा पडतो आणि चौरस फूट जास्त होतो. याचे उत्तर १९१९ साली जर्मनीच्या फेलिक्स हाउसडोर्फ यांनी दिले. त्यांची व्याख्या पुष्कळ व्यापक व अवघड आहे, परंतु कोखच्या रेघेपुरता तिचा गाभा मुकादमालाही पटेल असा आहे. एखादी आकृती तिप्पट लहान केली तर मूळ आकृती भरावयास अशा किती लहान आकृत्या लागतात, हे पाहावे. रेघेला तीन लागतात. चौरसाला नऊ, म्हणजे तीनाचा वर्ग. घनाला सत्तावीस, म्हणजे तीनाचा घन. तीनावर जो घात चढवावा लागतो तीच मिती: एक, दोन, तीन. कोखच्या रेघेला असे चार तुकडे लागतात. चार ही संख्या तीन आणि नऊ यांच्या मध्ये आहे, म्हणून घातही एक आणि दोन यांच्या मध्ये असला पाहिजे. तो सुमारे १.२६ येतो. पेआनोच्या रेषेला हाच नियम लावला तर तिप्पट लहान तुकडे नऊ लागतात. म्हणून ती रेघ असूनही तिची मिती पुरी दोन. ज्या प्रश्नाने पंडितांची झोप उडाली होती तो असा दोन ओळींत सुटतो, हे पाहून नवल वाटल्यावाचून राहत नाही.

हाउसडोर्फ यांची कहाणी येथे सांगितली पाहिजे. त्यांचा जन्म १८६८ साली ब्रेस्लाउ येथे एका ज्यू कुटुंबात झाला. गणिताबरोबर साहित्यातही त्यांची गती होती. पाउल मोंग्रे या टोपणनावाने त्यांनी कविता, निबंध आणि नाटक लिहिले. बॉन विद्यापीठात ते मानाचे प्राध्यापक होते. नाझी राजवटीत १९३५ मध्ये त्यांना सक्तीने निवृत्त करण्यात आले. तरीही ते घरी बसून गणित करीत राहिले, फक्त ते छापावयास जर्मनीत कोणी उरले नव्हते. जानेवारी १९४२ मध्ये त्यांना पत्नी व मेहुणीसह एंडेनिश येथील छावणीत हजर होण्याचा हुकूम आला. त्या छावणीनंतर काय असते याची त्यांना कल्पना होती. २६ जानेवारी १९४२ रोजी तिघांनी स्वतःच जीवनयात्रा संपविली. आज बॉन विद्यापीठातील गणिताचे मोठे संशोधनकेंद्र त्यांच्याच नावाने चालते. ज्या माणसाने मिती पूर्णांकाच्या चौकटीतून सोडविली, त्याला मात्र आपल्याच नगरात राहावयास जागा मिळाली नाही.

पुढचा दुवा एका इंग्रज शांततावाद्याने जोडला. लुईस फ्राय रिचर्डसन (१८८१ ते १९५३) हे क्वेकर पंथाचे. पहिल्या महायुद्धात त्यांनी शस्त्र न धरता फ्रान्सच्या आघाडीवर जखमींची वाहतूक केली, आणि त्या धामधुमीतच हवामानाचा अंदाज गणिताने वर्तविण्याची पद्धत हाताने आकडेमोड करून तपासली. ज्या वेधशाळेत ते नोकरीस होते ती १९२० मध्ये विमानदलाच्या खात्याखाली गेली, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. युद्धे का होतात याचे गणित मांडता येईल काय, या ध्यासाने त्यांना पुढे झपाटले. दोन देशांमधील सामाईक सीमा जितकी लांब तितकी युद्धाची शक्यता अधिक असेल काय, असा त्यांचा एक प्रश्न होता. म्हणून ते सीमांच्या लांबीचे आकडे गोळा करू लागले, आणि तेथेच अडले. स्पेन आणि पोर्तुगाल यांची सीमा एका नोंदीत ९८७ किलोमीटर, तर दुसऱ्या नोंदीत १,२१४ किलोमीटर. हॉलंड-बेल्जियमची सीमा कोठे ३८०, कोठे ४४९. बांध एकच आणि दोन्ही शेजाऱ्यांची मापे वेगळी, हा अनुभव खेड्यात कोणाला नाही? परंतु येथे कोणी बांध कोरला नव्हता. माप घेणाऱ्याची पट्टी लहान की मोठी, एवढाच फरक होता. नकाशावर मोठी पावले टाकीत गेले तर वळणे निसटतात. लहान पावले टाकली तर प्रत्येक वळण हिशेबात येते आणि लांबी वाढते. पट्टी आणखी लहान केली की आणखी वाढते. रिचर्डसन यांनी हे आलेखाने दाखविले, पण ते लिखाण त्यांच्या मृत्यूनंतर, १९६१ मध्ये, प्रसिद्ध झाले आणि जवळजवळ अडगळीत पडले.

ते ज्यांच्या हाती लागले ते बेन्वा मँडेलब्रॉट. जन्म १९२४, वॉर्सा. ज्यू कुटुंब १९३६ मध्ये फ्रान्सला गेले, आणि युद्धकाळ त्या मुलाने मध्य फ्रान्समधील तूल या गावी व आसपास जपून-लपून काढला. १९५८ पासून ते अमेरिकेत आयबीएम कंपनीच्या संशोधनशाळेत होते. १९६७ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यांनी एक छोटा लेख लिहिला. ब्रिटनचा किनारा किती लांब आहे, हाच त्याचा प्रश्न. लांबी विचारूच नका, खडबडीतपणा विचारा, आणि तो हाउसडोर्फच्या मितीने मोजा, असा त्याचा मथितार्थ. रिचर्डसनच्या आकड्यांवरून ब्रिटनच्या पश्चिम किनाऱ्याची मिती सुमारे १.२५ आली, म्हणजे जवळजवळ कोखच्या रेघेइतकी. दक्षिण आफ्रिकेचा किनारा पुष्कळसा सपाट, त्याची १.०२. राक्षस म्हणून हाकलून दिलेली आकृती समुद्रकाठी मुक्कामाला होती!

१९७५ मध्ये मँडेलब्रॉट यांनी अशा आकृत्यांना ‘फ्रॅक्टल’ हे नाव दिले. तुटलेला, भंगलेला या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून. फुलकोबीचा गड्डा घ्यावा. त्याचा एक तुरा मोडला तर तो लहानसा गड्डाच दिसतो, आणि त्या तुऱ्याचा तुरा त्याहून लहान गड्डा. ढगांचे, झाडांच्या फांद्यांचे, नदीच्या उपनद्यांचे असेच आहे. मनुष्याच्या छातीच्या पिंजऱ्यात मावणारी फुप्फुसे, पण त्यांच्या आतील श्वासनलिका फाटे फुटत फुटत इतक्या बारीक होतात, की हवेला मिळणारे पृष्ठ सुमारे ५० ते ७५ चौरस मीटर भरते. मँडेलब्रॉट २०१० साली वारले. संगणक हाती आल्यामुळे त्यांना ही चित्रे लोकांना प्रत्यक्ष दाखविता आली. कोख आणि हाउसडोर्फ यांना ती केवळ मनात पाहावी लागली होती.

हा सारा विषय परदेशी, असे कोणी म्हणेल, तर त्याने आपल्याच देशाचे आकडे पाहावेत. भारताची किनारपट्टी ७,५१६.६ किलोमीटर, हा आकडा कित्येक पिढ्यांनी शाळेत पाठ केला. केंद्रीय गृहमंत्रालयाच्या २०२३-२४ च्या अहवालात तो ११,०९८.८ किलोमीटर झाला. सुमारे साडेतीन हजार किलोमीटर किनारा कोठून आला? समुद्र हटला नाही की जमीन वाढली नाही. पूर्वीचे माप ४५ लाखांस एक या लहान प्रमाणाच्या नकाशावरून घेतलेले होते. नवे माप अडीच लाखांस एक या प्रमाणावर घेतले. पट्टी बारीक झाली आणि खाड्या, वळसे, दंतुर कडा मापात आल्या. गुजरातचा किनारा जवळजवळ दुपटीच्या घरात गेला. महाराष्ट्राचा सुमारे ६५३ वरून ८७८ किलोमीटर झाला. दाभोळ, जयगड, विजयदुर्ग येथील खाड्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना याचे आश्चर्य वाटू नये. बाहेरून शिडाने जाणारे गलबत आणि खाडीच्या काठाकाठाने पायी जाणारा माणूस, दोघे एकाच गावी पोहोचतात; चाल मात्र सारखी पडत नाही.

आता मंदिराकडे यावे. नागर पद्धतीच्या शिखराकडे थोडे थांबून पाहिले तर लक्षात येते, की मोठ्या शिखराच्या अंगाला लहान शिखरे बिलगलेली असतात. त्यांना उरुशृंगे म्हणतात. त्या लहान शिखरांच्या पायथ्याशी त्याहून लहान शिखरे. खजुराहोच्या कंदारिया महादेवाच्या, इसवी सनाच्या अकराव्या शतकातील मंदिरावर अशी चौऱ्याऐंशी लहान शिखरे मोजली जातात. महाराष्ट्रात भूमिज प्रकार विशेष नांदला. त्यात चारही दिशांना वर चढत गेलेल्या चार रुंद पट्ट्या आणि त्यांच्या मधल्या जागेत लहान शिखरांच्या ओळी, एकीवर एक, वर जाता जाता लहान होत जाणाऱ्या. शिलाहार राजांच्या काळातील, शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख असलेले अंबरनाथचे शिवमंदिर, आणि सिन्नरचे गोंदेश्वर, ही या प्रकाराची आपल्याकडील नामांकित उदाहरणे. गोंदेश्वर तर पंचायतन आहे. मधल्या मोठ्या देवळाभोवती चार कोपऱ्यांत चार लहान देवळे. देवळाच्या अंगावर देवळे आणि देवळाच्या भोवतीही देवळेच. मुंबईच्या आय.आय.टी.तील प्राध्यापक कीर्ती त्रिवेदी यांनी १९८९ साली एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात लेख लिहून हिंदू मंदिरांची घडण फ्रॅक्टलच्या दृष्टीने उलगडून दाखविली. त्यानंतर हा विषय देशोदेशींच्या अभ्यासकांच्या चर्चेत आला.

मात्र येथे तोल सांभाळला पाहिजे. आमच्या पूर्वजांना हे सारे गणित आधीच ठाऊक होते, असे ठोकून देण्याचा मोह जीर्णोद्धारासारख्या प्रसंगी अनावर होतो, आणि तो आवरलेलाच बरा. धारच्या भोजराजाच्या नावावर असलेल्या ‘समरांगणसूत्रधार’ या ग्रंथात भूमिज प्रासादांचे प्रकार व त्यांची प्रमाणे आली आहेत; चोवीस अंगुळांचा एक हात हे मापही शास्त्रांत पक्के आहे. पण अपूर्णांकी मितीचा विचार तेथे नाही. शिवाय शिखरावरील पुनरावृत्ती तीन-चार पायऱ्यांपुरतीच चालते. छिन्नी जेथे थांबते तेथे ती थांबते. कोखची रेघ थांबत नाही. म्हणून शिखराला फ्रॅक्टल म्हणावयाचे ते थोडे सैलपणेच. तथापि एक गोष्ट निःसंशय आहे. हाउसडोर्फच्या नऊशे वर्षे आधी शिल्पींनी एकच घाट लहान-मोठ्या मापांत पुन्हा पुन्हा योजून असे काही घडविले, की लांबून पाहणाऱ्याला एक शिखर दिसते आणि जवळ येणाऱ्याला प्रत्येक पावलागणिक नवे शिखर भेटते. त्यासाठी त्यांना सूत्र लागले ते सुताचे, अक्षरांचे नव्हे.

याचा हिशेबाशी संबंध आहे तो असा. एकाच उंचीची आणि एकाच बैठकीची दोन शिखरे, एक साधे व दुसरे उरुशृंगांनी भरलेले, यांना रंग सारखा लागत नाही. वरवर टेप लावून काढलेले चौरस फूट आणि प्रत्यक्ष ब्रश फिरेल ते चौरस फूट यांत मोठे अंतर पडते. सुतळी प्रत्येक खाचेत दाबून धरली की माप वाढते, अगदी कोकणच्या किनाऱ्यासारखे. दुसरी बाजू अधिक काळजीची आहे. जाड तैलरंगाचा किंवा सिमेंटच्या घोटाईचा प्रत्येक हात प्रथम सर्वांत बारीक घडण बुजवितो. आधी लहान शिखरावरचे लहान आमलक जातात, मग त्याच्या कडा, मग खाचा. पाच-सहा वेळा असे झाले की शिखर उभे असते, उंचीही तीच असते, पण सुतळी दाबून घेतलेले माप दर खेपेला कमी भरते.